वाफेच्या इंजिनाचा रंग कोणता?

मुंबई सेंट्रल स्थानकाच्या आवारात एक बुटकं लाल इंजिन मांडून ठेवलं आहे. 'लिटल रेड हॉर्स' हे त्याचं नाव. नॅरोगेजचं, वाफेवर चालणारं, ब्रिटिश बनावटीचं. ते पाहून मुलं हमखास विचारतात, वाफेचं इंजिन तर काळं असतं, मग हे लाल कसं? बरोबरच्या मोठ्या माणसालाही उत्तर चटकन देता येत नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी वाफेचं इंजिन पाहिलं आहे ते जुन्या फोटोत, आणि जुना फोटो काळा-पांढरा असतो.

या प्रश्नाला लागून दुसरा प्रश्न येतो. लालबाग-परळवरून वाफेची लोकल धूर सोडत जायची, गिरगावात चर्नी रोडच्या समुद्रालगतही तीच जायची. त्या काळातला एखादा रंगीत फोटो कुठे पाहायला मिळेल? लंडनच्या किंवा यॉर्कच्या वाफेच्या इंजिनांचे रंगीत फोटो पुस्तकंच्या पुस्तकं भरून मिळतात. मग मुंबईचे का नाहीत?

१. काळ्या-पांढऱ्या फोटोतलं काळं खरंच काळं असतं का?

नेहमी नसतं. सुरुवातीच्या काळातल्या फोटोच्या काचा आणि फिल्म यांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांना सर्वांत जास्त जाणवे, पुढे हिरवाही जाणवू लागला, पण लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळं आकाश फोटोत पांढरं फटक यायचं आणि लाल वस्तू काळी. कुंकू, लाल लुगडं, इंजिनाच्या पुढची लाल आडवी पट्टी, सगळं काळं. लाल रंगही नीट पकडणारी फिल्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, पण सर्रास वापरात यायला १९२० ते १९३० चं दशक उजाडलं. म्हणजे त्याआधीच्या फोटोत इंजिन काळं दिसलं, तर ते काळं असेल किंवा गडद लाल असेल. फोटोवरून ते ठरवता येत नाही.

त्यात कारखान्यांची एक पद्धत गोंधळ आणखी वाढवते. ब्रिटनमधले इंजिन बनवणारे कारखाने नवं इंजिन तयार झालं की त्याचा अधिकृत फोटो काढत. चकचकीत रंगावर प्रकाश परावर्तित होऊन बारीक तपशील दिसेनासे होतात, म्हणून फोटोपुरता इंजिनाला करडा, बिनचमकीचा रंग दिला जाई. रिव्हेट, नळ्या, चाकांचे दांडे सगळं स्वच्छ दिसे. फोटो झाला की वर खरा रंग चढे. भारतात पाठवलेल्या कितीतरी इंजिनांचा आज सहज मिळणारा सर्वांत स्पष्ट फोटो हा असा करड्या अवस्थेतला असतो.

मग खरा रंग कळतो कसा? लेखी नोंदींतून. आपल्या ओळखीची गाडी घ्या. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली. तिला वाफेचं इंजिन नव्हतं, ती पहिल्यापासून विजेवर धावली. पण डब्यांच्या रंगाची नोंद पाहण्यासारखी आहे. दोन गाड्या तयार केल्या होत्या. एक रुपेरी रंगाची, तिच्यावर किरमिजी लाल पट्ट्या. दुसरी गडद शाही निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. हे आपल्याला शब्दांतून ठाऊक आहे. जुन्या पद्धतीच्या फिल्मवर या दोन्ही गाड्या टिपल्या, तर लाल पट्ट्या काळ्या होतील, निळी गाडी फिकट करडी दिसेल, आणि कोणती मूळची गडद होती हे पाहणाऱ्याला उलटंच वाटेल.

म्हणूनच हल्ली जुन्या फोटोंना संगणकाकडून रंग भरून घेण्याची जी हौस आली आहे, तिच्याबद्दल माझं मत कडक आहे. संगणक त्या करड्या छटेवरून अंदाज बांधतो. तो गाडीचा रंग सांगत नाही. असा फोटो भिंतीवर शोभेसाठी लावायचा तर लावावा, पण इतिहासाचा पुरावा म्हणून त्याला जवळ करू नये.

२. दोन तारखांची चुकामूक

आता मुंबईकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, ही पहिली इंजिनं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. पुढे परळला जीआयपीचा आणि लोअर परळला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बीबीसीआय रेल्वेचा कारखाना उभा राहिला. दोन्ही मिळून हा भाग इंजिन-डब्यांच्या दुरुस्तीचं मोठं ठाणंच झाला. गिरण्यांच्या चिमण्या आणि इंजिनांचा धूर एकाच आभाळात मिसळत.

पण मुंबईच्या लोकलवरून वाफ फार लवकर गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू झाल्या, म्हणजे मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, दादर या पट्ट्यातल्या लोकलचं वाफेचं इंजिन सुटलं. १९३० पर्यंत मध्य रेल्वेच्या बाजूला तारा पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोचल्या होत्या.

रंगीत फिल्म कधी आली? सर्वसामान्य माणसाला साध्या कॅमेऱ्यात घालता येईल अशी रंगीत फिल्म म्हणजे कोडॅक्रोम. ती १९३५ मध्ये आधी सिनेमाच्या बारीक फिल्मच्या रूपात आली आणि १९३६ मध्ये ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी मिळू लागली. १९२८ ला लोकलची वाफ गेली, १९३६ ला रंग आला. मधली आठ वर्षं हेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

कोडॅक्रोमच्या आधी रंगीत फोटो निघतच नव्हते असं मात्र नाही. ज्या ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, त्यांनीच १९०७ मध्ये ऑटोक्रोम नावाच्या रंगीत काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरलेले असत. त्या कणांच्या चाळणीतून गाळून प्रकाश खाली पोचे. १९१३ च्या अखेरीस फ्रेंच धनिक आल्बेर काहन यांच्या जगभरच्या चित्रसंग्रहासाठी स्तेफान पासे हा छायाचित्रकार अशाच काचा घेऊन मुंबईत आला होता. पण त्या चाळणीत बराचसा प्रकाश अडे. भर उन्हातही काचेला सेकंदभर किंवा जास्त वेळ प्रकाश द्यावा लागे. स्थिर उभी माणसं आणि इमारती त्यात येत. धावत्या लोकलची नुसती पुसट रेघ आली असती.

३. फिल्ममध्ये रंग असतो तरी कुठे?

हे समजायला गिरगावातलाच एक कारखाना उपयोगी पडतो. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी गिरगावात शिळाप्रेस सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी पोचली. त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. एका दगडावरून फक्त पिवळा छापायचा, तोच कागद दुसऱ्या दगडावर ठेवून लाल, मग निळा, आणि असे एकावर एक रंग चढत सगळ्या छटा उमटत. दगड केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यायचा.

रंगीत फिल्म हेच काम एका पट्टीच्या आत करते. तिच्यावर तीन पातळ थर असतात. एक थर दृश्यातला फक्त निळा प्रकाश टिपतो, दुसरा हिरवा, तिसरा लाल. फिल्म धुताना या तीन थरांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि आकाशी असे तीन रंग तयार होतात. हे तीन थर एकावर एक ठेवून आरपार पाहिलं की मूळ दृश्याचे रंग दिसतात. छपाईत थर जुळवायचे कष्ट माणसाला पडत. इथे ते जन्मतःच चिकटलेले, म्हणून सरकायची भीती नाही.

कोडॅक्रोमचं वेगळेपण असं की तिच्यात मुळात रंग नसतच. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्हस्की या तिच्या दोन्ही जनकांचा मूळ पेशा संगीताचा होता. त्यांनी अशी युक्ती काढली की फिल्म कॅमेऱ्यात असताना केवळ तीन काळ्या-पांढऱ्या थरांची राहील आणि तिन्ही रंग प्रयोगशाळेत, एकेका थरात, क्रमाक्रमाने भरले जातील. यामुळे थर पातळ राहिले, चित्र विलक्षण रेखीव आलं आणि रंग टिकाऊ झाले. पण धुण्याचं काम इतकं किचकट झालं की ते घरी किंवा गल्लीतल्या स्टुडिओत कुणाला करता येईना. रोल मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि डाकेने परत येण्याची वाट पाहायची.

परत येई ती स्लाइड. पाच सेंटिमीटरची चौकोनी पुठ्ठ्याची चौकट, मधे ३६ बाय २४ मिलिमीटरची पारदर्शक फिल्म. चौकटीवर कंपनीचं नाव आणि पुष्कळदा फिल्म धुतल्याचा महिना-वर्ष छापलेलं. खिडकीकडे धरली की अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत पितळी नंबरपट्टी पिवळी चमकते, इंजिनाच्या पुढची बफरची आडवी पट्टी लाल दिसते, तिच्यावरचे पांढरे आकडे भिंगाने वाचता येतात. बॉयलरच्या काळ्या पत्र्यावर तेलाचा निळसर ओघळ दिसतो, धुरांड्याखाली उष्णतेने करपलेला तपकिरी पट्टा दिसतो. इंजिन काळं असलं तरी ते किती रंगांचं असतं, हे स्लाइड पाहिल्याशिवाय कळत नाही.

४. धावत्या गाडीचं गणित

फिल्म आली म्हणजे फोटो आला असं होत नाही. फिल्म किती झटपट प्रकाश टिपते याला तिची गती म्हणतात आणि ती आकड्यात सांगतात. सुरुवातीच्या कोडॅक्रोमची गती जेमतेम १० होती. १९६१ मध्ये ती २५ झाली आणि पुढच्या वर्षी ६४ ची कोडॅक्रोम आली. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये तोवर ४०० सहज मिळत होती.

फोटोवाल्यांचा एक जुना नियम आहे. लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ/१६ वर ठेवा आणि एका सेकंदाला फिल्मच्या गतीने भागून येईल तेवढाच वेळ झडप उघडा. म्हणजे १० गतीच्या फिल्मला सेकंदाचा दहावा भाग. छिद्र एक पायरी मोठं केलं की वेळ निम्मा होतो. एफ/१६ वरून ११, ८, ५.६, ४ अशा चार पायऱ्या मोठं केलं की वेळ सोळापट कमी, म्हणजे सेकंदाचा १६० वा भाग.

आता ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी घ्या. ती सेकंदाला जवळपास १६.७ मीटर जाते. १६० व्या भागात ती साधारण १० सेंटिमीटर पुढे सरकते. इंजिन आणि कोळशा-पाण्याचं टेंडर मिळून २४ मीटर लांबी धरू, आणि ते ३६ मिलिमीटरच्या फिल्मवर पूर्ण बसवू. म्हणजे खरं दृश्य सुमारे ६६७ पटींनी लहान झालं. १० सेंटिमीटर फिल्मवर ०.१६ मिलिमीटर होतात. हे नगण्य वाटतं, पण स्लाइड पडद्यावर ५० पट मोठी करून पाहायची असते. तिथे प्रत्येक कड ८ मिलिमीटर फरफटलेली दिसते. नंबर वाचता येत नाही, चाकांचे आरे दिसत नाहीत.

हेच २५ च्या फिल्मवर करा. एफ/४ ला सेकंदाचा ४०० वा भाग मिळतो आणि पडद्यावरची फरफट सुमारे ३ मिलिमीटरवर येते. ६४ च्या फिल्मला हजारावा भाग मिळतो, मग ती सव्वा मिलिमीटर उरते आणि डोळ्याला खटकत नाही. १९६२ नंतरच्या रंगीत फोटोंत गाड्या एकदम धावताना दिसू लागतात त्यामागे हा भागाकार आहे.

वाफेच्या इंजिनांचे इतके फोटो एकाच धाटणीचे का असतात, याचंही उत्तर इथेच मिळतं. इंजिन तिरकं, आपल्याकडे येतंय, डबे मागे वळत गेलेत. समोरून तिरक्या येणाऱ्या गाडीची फिल्मवरची आडवी सरक कमी असते, त्यामुळे मंद फिल्मवरही ती रेखीव येते. छायाचित्रकारांची कल्पनाशक्ती तोकडी पडली म्हणून ती धाटणी रूढ झाली, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. फिल्मनेच त्यांना तिथे उभं केलं.

मुंबईच्या उजेडाची आणखी एक अडचण. बारा वाजता ऊन डोक्यावर येतं आणि इंजिनाची चाकं, दांडे, सगळी हालचाल पोटाखालच्या सावलीत जाते. स्लाइडची फिल्म गडद सावलीत काहीच दाखवत नाही. म्हणून कामाची वेळ सकाळी नवापर्यंत आणि दुपारी चारनंतर. जून ते सप्टेंबर तर ढगाखाली प्रकाश इतका उतरतो की १० च्या फिल्मवर फलाटावर उभी गाडीदेखील हातात कॅमेरा धरून काढणं अवघड.

५. पांढरं काय आणि काळं काय?

धुरांड्यातून येणारा पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे, आणि काटेकोरपणे बोलायचं तर वाफही नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या सुरक्षा-झडपेतून वाफ सुटते तेव्हा झडपेच्या तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते. ती वाफ. हवेत गार झाल्यावर तिचे पाण्याचे थेंब होतात, ते पांढरे दिसतात. काळा लोट म्हणजे नीट न जळलेला कोळसा. फायरमनने नुकताच फावडाभर कोळसा भट्टीत टाकला की तो वाढतो.

हवा थंड असली की थेंब जास्त होतात आणि जास्त वेळ टिकतात. म्हणून ब्रिटनच्या हिवाळी फोटोंत इंजिनावर कापसाचे डोंगर उभे दिसतात आणि मुंबईच्या दमट पण उबदार हवेत तेच इंजिन जवळजवळ उघडं दिसतं. आपल्याकडे तसा लोट हवा असेल तर डिसेंबरात पहाटे इगतपुरीसारख्या ठिकाणी घाटमाथ्यावर जावं लागे.

६. ब्रिटनला काय साधलं

१९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा तिच्याकडे वीस हजारांहून जास्त वाफेची इंजिनं होती. १९५५ मध्ये वाफ काढून टाकायची योजना जाहीर झाली. १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून शेवटचं इंजिन बाहेर पडलं, त्याला 'इव्हनिंग स्टार' नाव दिलं. ११ ऑगस्ट १९६८ रोजी शेवटची खास गाडी निघाली, तिकीट पंधरा गिनी. म्हणजे रंगीत फिल्म आणि वाफ यांची तिथे तीस वर्षं गाठ पडली, आणि शेवटची सात-आठ वर्षं तर चांगल्या फिल्मसोबत. इंजिन जाणार ही तारीख सगळ्यांना ठाऊक होती, खिशात थोडे पैसे होते, शनिवार-रविवार सुट्टी होती. कारकून, शिक्षक, पाद्री, शाळकरी पोरं कॅमेरे घेऊन पुलांवर उभे राहिले. आज दिसणारी हिरवी, लाल, काळी ब्रिटिश इंजिनं ही त्या हौशी माणसांची देणगी आहे. सरकारी खात्याने एवढं काम केलं नसतं.

१९६८ नंतर त्यांच्यातले पुष्कळजण जगाकडे वळले. कॉलिन गॅरॅट यांनी तर जगातली शेवटची वाफेची इंजिनं टिपणं हेच आयुष्याचं काम मानलं, आणि त्यासाठी ते भारतातही आले. ज्या कारखान्यांची इंजिनं ब्रिटनमध्ये भंगारात गेली होती, त्याच कारखान्यांची भावंडं इथे रोज कामावर जात होती.

७. तारांच्या पलीकडे

मुंबईच्या तारा जिथे संपत, तिथे वाफ सुरू होई. पश्चिमेला १९३६ पासून तारा विरारपर्यंत होत्या, त्यापुढे गुजरातच्या दिशेने बराच काळ वाफेचं राज्य. मध्य रेल्वेवर पुणे आणि इगतपुरीपलीकडे दौंड, मनमाड, भुसावळ. देशभरात १९६०-६१ मध्ये दहा हजारांवर वाफेची इंजिनं होती, १९९०-९१ मध्ये ती तीन हजारांच्या आत आली. १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बनवलं, नाव 'अंतिम सितारा'. १९९५ च्या अखेरीस ब्रॉडगेजवरची नियमित वाफ थांबली. म्हणजे भारतात रंगीत फिल्म आणि वाफ यांची गाठ ब्रिटनपेक्षा जास्त वर्षं पडली. तरी आपल्या हाती फोटो कमी. का?

रंगीत फिल्म परदेशातून येई, मिळायला कठीण आणि महाग. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म सामान्य माणसाला परवडे, पण ती मुख्यतः काळी-पांढरी. रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायला परवानगी लागे. आणि ज्या घरात लग्नाचेही रंगीत फोटो मोजून काढले जात, तिथे इंजिनावर रोलमधल्या छत्तीसपैकी एक चौकट कोण खर्च करणार? गिरणीतून सुटून गावाकडे जाणाऱ्या माणसाला इंजिन ही रोजची वस्तू होती. रोजच्या वस्तूचा फोटो कुणी काढत नाही, आणि ती गेल्यावर काढता येत नाही.

महाराष्ट्रात या शेवटच्या दशकांची दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. पहिलं बार्शी लाइट रेल्वेचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये बार्शी-कुर्डुवाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. तिची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेले डबे ओढणाऱ्या या गाडीची वाफेच्या काळातली चित्रं पाहायची तर पुष्कळदा परदेशी पाहुण्यांच्या संग्रहाकडे जावं लागतं. दुसरं विदर्भातल्या शकुंतलेचं. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या या गाडीला १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं इंजिन सत्तर वर्षं ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरलं आणि डिझेल आलं. ब्रिटनमधली वाफ संपून पंचवीस वर्षं झाली तरी एक ब्रिटिश इंजिन आपल्या कापसाच्या मुलखात कामावर होतं, याचं तिथल्या इंजिनप्रेमींना आजही नवल वाटतं.

आणि मुंबईकरांनी वाफेचं इंजिन रंगात पाहिलं ते कुठे? गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला 'शोले' तिथे पाच वर्षं चालला. त्यातला मालगाडीवरचा दरोडा पनवेल परिसरात, मुंबई-पुण्याच्या वाटेवर चित्रित झाला. नुसत्या त्या प्रसंगाला सुमारे सात आठवडे लागले. मूळ ३५ मिलिमीटरचं चित्रण मोठं करून ७० मिलिमीटरच्या पडद्यावर दाखवलं गेलं. भट्टीचं नारिंगी तोंड, काळा पत्रा, रखरखीत डोंगर. मुंबईजवळच्या वाफेचा इतका मोठा रंगीत दस्तऐवज दुसरा नाही, आणि तो करमणुकीच्या चित्रपटात दडला आहे.

१९८३ मध्ये स्टीव्ह मॅककरी यांनी आग्र्याला, पुढे वाफेचं इंजिन आणि मागे धुरकट ताजमहाल, असा कोडॅक्रोमवर काढलेला फोटो जगभर गाजला. कोडॅकने ही फिल्म बनवणं २००९ मध्ये थांबवलं तेव्हा शेवटचा रोल त्यांनाच दिला. त्या ३६ चौकटींतल्या काही त्यांनी मुंबईत वापरल्या. कोडॅक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससला होती, तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं.

८. फोटो लाल का पडतात?

साठ-सत्तरच्या दशकातले अल्बम उघडले की सगळं गुलाबी-लालसर दिसतं. तीन रंगांपैकी आकाशी रंग बहुतेक जुन्या फिल्म आणि कागदांत अंधारातही आधी विरतो. आकाशी गेला की लाल वरचढ होतो. हिरवं इंजिन मातकट दिसतं, काळं इंजिन तपकिरी. म्हणजे रंगीत फोटोही रंगाबाबत पूर्ण भरवशाचा नाही, तो कोणत्या फिल्मवर आहे हे पाहावं लागतं. कोडॅक्रोम अंधारात ठेवली तर पन्नास-साठ वर्षं रंग धरून राहते. प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्याखाली मात्र तिचाही रंग उडतो. आणि मुंबईत सगळ्यांत मोठा शत्रू दमटपणा. त्याने फिल्मवर बुरशीच्या फांद्या फुटतात, आणि त्या जिलेटिन खातात.

तेव्हा घरात कुणी रेल्वेत असेल, परळच्या किंवा लोअर परळच्या कारखान्यात, इगतपुरी-भुसावळच्या शेडमध्ये, किंवा नुसते गावाला जाताना फोटो काढणारे काका असतील, तर माळ्यावरचे डबे यंदा पावसाळ्याआधी खाली काढा. स्लाइड कडेने धरा, फिल्मला बोट लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. पांढऱ्या प्रकाशावर ठेवून मोबाइलने एकेकीचा फोटो घ्या, आणि त्यातले रंग 'सुधारू' नका. मूळ स्लाइड कोरड्या कपाटात ठेवा. सर्वांत महत्त्वाचं, घरातली जाणती माणसं आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून विचारा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहा: स्टेशन कोणतं, साल कोणतं, इंजिनाजवळ उभं कोण आहे.